तारेवरची पँट

सुनंदाबाईंनी मशीन थांबवलं असतं तर मी सावरलो असतो. थांबलेल्या मशीनसमोर माणसाला काहीतरी बोलता येतं. पण त्यांचा पाय तसाच चालू राहिला, हिरव्या साडीचा काठ सुईखालून सरकत राहिला, आणि मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तिथंच होते. पॅकिंगला." मी तेव्हा आगीच्या ऐन मध्यावर होतो. मसाटचा आमचा सुताचा कारखाना, सत्त्याण्णव साल, छतापर्यंत धूर, आणि मी, पाळीचा सुपरवायझर, डोक्यावर ओलं गोणपाट घेऊन सातव्या माणसाला खांद्यावर टाकत होतो. सहा बाहेर काढून झाले होते, एकूण अकरा काढायचे होते. मागच्या दिवाळीला नऊच होते, पण चांगल्या गोष्टीत माणसं वाढतात, त्याला माझा इलाज नाही. तो सातवा खांद्यावर तसाच लोंबकळत राहिला. समोरच्या टपरीवर कल्पेश चहा गाळता गाळता थांबला होता, कारण माझी गोष्ट तिथपर्यंत अक्षर न् अक्षर ऐकू जायची. मी म्हणालो, "अच्छा." मग पुन्हा म्हणालो, "अच्छा, अच्छा." आणि उंची कमी करायला आणलेली पँट बगलेत तशीच घेऊन बाहेर पडलो.

पँटीचं सांगायला हवं. डोकमर्डीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुनंदाबाईंचं फॉल-पिकोचं दुकान आहे, एक मशीन आणि एक माणूस आडवा झाला की भरलं, एवढं. पाच महिन्यांपूर्वी एक पँट खरोखरच लांब होती म्हणून मी तिथं गेलो. माप घेताना त्यांनी दातांत टाचणी धरली होती आणि मी नेहमीप्रमाणे काहीतरी फेकत होतो, बहुतेक सातपुड्यातल्या बिबट्याचं. त्या हसल्या, टाचणी पडली, आणि ती शोधायला आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. माझे गुडघे सदुसष्ट वर्षांचे, त्यांचे साठीचे. बसलो ते उठता येईना. एकमेकांच्या खांद्याला न धरता, मशीनच्या एकेका पायाला धरून आम्ही वर आलो, आणि त्या वर येण्यात काहीतरी झालं. त्यानंतर मी दर आठवड्याला एक पँट अर्धा इंच कमी करून घेऊ लागलो. आधी मोजे दिसायला लागले, मग घोटे, मग घोट्यावरचे पांढरे केस. "मसाटवाले," त्या म्हणायच्या (मला त्या भाऊ म्हणत नाहीत, राव म्हणत नाहीत, मसाटवाले म्हणतात), "पूर येणार आहे का गावात?" मी म्हणायचो, फॅशन आहे. त्या म्हणायच्या, "हो, बगळ्यांत." मला एवढंच हवं होतं की एखाद्या रविवारी त्यांनी माझ्याबरोबर दुधनीला यावं आणि तिथल्या पाण्यात नावेतून एक चक्कर मारावी. पाच महिन्यांत हे एवढं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. त्याऐवजी बिबट्या निघाला, दरोडेखोर निघाले, आग निघाली. माणूस मोठा दिसला की बाई आपोआप नावेत बसते, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

घरी जाताना मी तीन जिने चढलो आणि प्रत्येक मजल्यावर कानातलं मशीन ऐकलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ते चालूच आहे. आमच्या खात्यात एकेका मशीनवर दोनशेच्या वर चात्या, अशी बारा मशीनं. सुताला पीळ देणाऱ्या त्या चात्यांचा आवाज कानात शिरतो तो भाड्यानं राहिल्यासारखा नाही, मालकासारखा राहतो. तिथं तीस वर्षं काढलेल्या कुणालाही कुजबुजता येत नाही. आम्ही मयताला गेलो तरी "फार वाईट झालं" हे असं म्हणतो की मयत दचकेल. बायको आजारी असताना मी तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणालो होतो की तुझ्यावाचून माझं कसं होईल, तर शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं उत्तर दिलं, होईल रे बाबा, सगळ्यांचं होतं. बायको हसली होती. तिला जाऊन आठ वर्षं झाली. कुलूप उघडताना मला तिचं "हं" आठवलं. शिंदखेड्याला तिला बघायला गेलो तेव्हा, पोह्यांच्या बशा उचलायच्या आत, मी तिला सांगितलं होतं की मी लहानपणी बिबट्याचं शेपूट धरलं होतं. ती म्हणाली, "हं." पुढं एकतीस वर्षं मी सांगत गेलो आणि ती "हं" म्हणत गेली, भाकरी थापताना, पोराची चड्डी वाळत घालताना. मी ते "हं" कौतुकाचं धरून चाललो होतो. त्या दुपारी, पँट बगलेत धरून दारात उभा असताना, पहिल्यांदा मला वाटलं की त्या "हं"मध्ये एक बाई उभी होती, दाराशी, आत यायची वाट बघत, आणि मी दार अडवून बिबट्याचं सांगत होतो. पाणी प्यायलो. फ्रीजचं पाणी दातांना लागलं.

खरं काय झालं होतं ते मी अठ्ठावीस वर्षांत स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी हीटरजवळ तेलकट बोळ्यांचा ढीग पेटला. धूर झाला, सायरन झाला. नियम असा की सायरन झाला की सुपरवायझरनं माणसं मोजून बाहेर काढायची आणि स्वतः शेवटी निघायचं. मी पहिला निघालो. माणसं मोजली नाहीत; माझी मोजणी एकवर संपली. मागच्या दारानं पळालो, फाटकाकडं जायचं सुचलं नाही, कंपाउंडच्या भिंतीवर चढलो, वर काटेरी तार होती. मी पलीकडं उतरलो, पँट वरच राहिली. आग मोठी नव्हतीच. झाडू मारणाऱ्या तानूबाईनं वाळूच्या दोन बादल्या टाकून ती विझवली आणि पुन्हा झाडायला लागली. मी पट्टेरी चड्डीवर भिंतीला पाठ लावून उभा असताना, पॅकिंगच्या बायका बाहेर पडत होत्या तिकडून, एकीनं मला प्लास्टिकच्या गोणीचा तुकडा कमरेला गुंडाळायला दिला. तिच्या तोंडाला धुळीसाठी फडकं होतं. नुसते डोळे दिसले, आणि तेही मी बघितले नाहीत. संध्याकाळी पाळीच्या वहीत मीच लिहिलं: आग आटोक्यात आणली. कुणी आणली ते लिहिलं नाही. वाक्याला कर्ता नव्हता, आणि मोकळी जागा दिसली की माणूस बसतो. दहा वर्षांत मी त्या वाक्यात पाय पसरून बसलो होतो. तानूबाई कधी काम सोडून गेली तेही मला ठाऊक नाही.

अकरा दिवस मी गल्लीच्या त्या तोंडानं गेलो नाही. मागून, गटारावरच्या फळीवरून जायचो. भाजी पार आमलीहून आणायचो. पँट खुंटीला होती, ती माझ्याकडं बघायची. लाज वाटते म्हणजे नेमकं कुठं वाटते याचा मी शोध घेतला. माझ्या बाबतीत मानेच्या मागं, जिथं न्हावी शेवटचा वस्तरा फिरवतो तिथं. गंमत अशी की खोटं पकडलं गेलं याची लाज कमी होती. पाच महिने त्यांना सगळं ठाऊक होतं, दर आठवड्याला त्या माझी पँट हातात घेत होत्या, आणि मी त्यांच्यासमोर छाती काढून उभा होतो, याची जास्त. बाराव्या दिवशी चिंधा वर आला. चिंधा आमच्या कारखान्याचा जुना फिटर, साक्रीकडचा, त्याचा आवाज माझ्याहून मोठा. दारातूनच सुरू झाला, "काय रे रघू, अकरा दिन व्हयनात, तुन्हं तोंड दिखनं नही. मरी गया का?" मी म्हणालो, ताप होता. "ताप," तो खुर्चीवर पसरला. "कल्पेशनी सांगं माले. त्या बाईले भ्यायना तू." मग खुंटीवरच्या पँटीकडं बघत तो म्हणाला, "सांगी दे ना, मी पळनू म्हणीसन. पळनू तर पळनू. मी बी पळनू व्हतू त्या दिनले. तुन्हा मांगे व्हतू. आपन काय राजाना पोरे शेतस?" इतकी वर्षं मी त्याच्यादेखत ती गोष्ट सांगत होतो, आणि आठव्या नंबरला मी ज्याला खांद्यावर घ्यायचो तो चिंधा होता. "मग तू कधी बोलला का नाहीस?" मी विचारलं. "बोलू कसाले? तू माले वाचाडी राहिंथा ना फुकटमा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. दाढी करून, खाली मान घालून, आणि मनात अशी तयारी करून की आता स्वतःला अजिबात सोडायचं नाही, सगळं काढायचं. आणि काढलं. मशीन चालू होतं. मी म्हणालो, सुनंदाबाई, मी भेकड माणूस आहे. मी पळालो होतो. मी आयुष्यभर खोटं बोललो. बायकोला सुख दिलं नाही. पोरगा नाशिकला आहे, फोन करत नाही, करेल कशाला. मला साखर आहे, गुडघे गेले, कान गेले, एकटा जेवतो, कधी जेवतही नाही. बोलता बोलता माझा गळा दाटून आला आणि खरं सांगतो, दाटलेला गळा मला आवडला. त्यात एक ऊब होती. मी आणखी थोडा दाटू दिला. समोर टपरीवर दोन जणांनी कप खाली ठेवले. सुनंदाबाईंनी दोरा दातानं तोडला.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं," मी म्हणालो.

"इथं फॉल-पिको होतो. रडायचं असेल तर पुढं महादेवाचं देऊळ आहे, बसायला जागाही छान आहे." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं, चष्म्याच्या वरून. "तुम्हाला कसंही करून मोठंच व्हायचंय का हो, मसाटवाले? परवापर्यंत जगात सगळ्यात शूर तुम्ही. आज सगळ्यात बिचारे तुम्ही. मधला कुणी राहतो का तुमच्याकडं? असला तर त्याला पाठवा एकदा."

मी निघालो. या खेपेला मानेच्या मागं काही वाटलं नाही. उलट जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मला अचानक हसू आलं आणि कठडा धरून थांबावं लागलं. मधला कुणी. मी त्याला शोधायला लागलो. शाळेतला एक मुलगा आठवला, नाटकात त्याला झाड केलं होतं, तर तो मध्येच शिंकला, आणि लोक राजापेक्षा झाडावर जास्त खूश झाले. तो मी. घरी आल्यावर आईनं विचारलं तर मी सांगितलं होतं की मी राजा होतो. लग्नात उखाणा घेताना मी बायकोच्या जागी तिच्या बहिणीचं नाव घेतलं, मांडवभर हशा झाला, बायको सगळ्यात जास्त हसली, पदर तोंडात कोंबून. आयुष्यात ती माझ्यावर तेवढी कधी भाळली नसेल. पण मी रागावून दोन दिवस बोललो नाही. म्हणजे तो मधला होता. अधूनमधून यायचा, लोकांना आवडायचा, आणि मी त्याला मागच्या दारानं हाकलून द्यायचो. मी खुंटीवरची पँट घालून आरशासमोर उभा राहिलो. आरसा छोटा आहे, पाय बघायला स्टुलावर चढावं लागलं. बगळा म्हणाल्या होत्या त्या. बगळ्याला निदान डौल असतो. या दोन पांढुरक्या, केसाळ, आखूड कापडातून लटकलेल्या नडग्या पाहून मला माझी दया आली नाही, शरमही वाटली नाही. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाला बाजारात पाहावं तसं वाटलं. अरे, तू होय.

तिसऱ्या दिवशी तीच पँट घालून गेलो. दुकानात एक मुलगी कुडता न्यायला थांबली होती. म्हटलं, ती जाईल तोवर थांबू, मग हळूच, फक्त त्यांना ऐकू जाईल असं सांगू. वाकलो आणि कुजबुजलो, "मी पहिला पळालो होतो." टपरीवरून कल्पेश त्याच्या गुजराती-मराठीत ओरडला, "क्यां पळाले, काका? कुठं?" मुलगी फस्सकन हसली. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई कठड्यावर वाकली. माझं कुजबुजणं म्हणजे सायरनच. एक क्षण असा आला की मला उत्तर सुचलं, चांगलं ऐटबाज उत्तर, की पाण्याचा बंब आणायला पळालो. ते जिभेच्या शेंड्यापर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. गिळताना त्याची चव मला कळली, जुन्या तांब्याच्या पैशासारखी.

"मागच्या दारानं," मी कल्पेशकडं वळून म्हणालो. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा कमरेवर हात ठेवले. "नियम होता की मी शेवटी निघायचं. मी म्हटलं, आधी जाऊन बघतो तरी, शेवट कुठं आहे तो. फाटकाकडं गेलो असतो तर पाच पावलं. पण शूर माणूस फाटकातून कसा जाईल? भिंतीवर चढलो. बरं, आयुष्यात कधी झाडावर चढलो नव्हतो, शाळेत मीच झाड होतो." मुलीनं ओढणी तोंडाला लावली. "वर तार. मी तिला म्हटलं, सोड. ती म्हणाली, काहीतरी ठेवून जा." मी माझ्या नडगीवर थाप मारली. "ठेवून आलो."

"पछी? पुढं?" कल्पेशचा चहा उतू गेला. "आग कुणी विझवली?"

"तानूबाईनं," मी म्हणालो. हे म्हणताना मात्र मी हसत नव्हतो. "झाडू मारायची. दोन बादल्या वाळू टाकली आणि पुन्हा झाडायला लागली. अकरा माणसं वगैरे कुणी नव्हतं. धूर बघून सगळे आपापल्या पायांनी निघाले. मी वहीत लिहिलं, तेव्हापासून ती आग माझ्याकडं होती. तानूबाईची आहे ती."

मशीन थांबलं. थांबल्यावर मला कळलं की इतक्या दिवसांत मी ते थांबलेलं कधी ऐकलं नव्हतं. सुनंदाबाईंनी चष्मा काढला. "एक राहिलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चड्डी पट्ट्यांची होती. निळ्या-पांढऱ्या. आणि तुम्ही मला म्हणालात, थँक्यू मॅडम, फॅक्टरी वाचली."

गॅलरीतली बाई हसली ते खाली रस्त्यावर ऐकू आलं. मीही हसत होतो, डोळ्यांना पाणी येईस्तोवर, आणि हे पाणी परवाच्यासारखं नव्हतं, यात कुणी बिचारं नव्हतं. "मग ती पँट?" मुलीनं विचारलं. "मीच काढली बांबूनं," सुनंदाबाई म्हणाल्या. "बरी होती. फाटली नव्हती फार. माझ्या भाचीचं त्यातून दप्तर शिवलं मी. पाच वर्षं टिकलं." आणि ज्या सुरात त्यांनी हे सांगितलं, त्यात माझी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची आग एका पोरीच्या पाठीवर बसून शाळेत जात होती, आणि मला तिथं ती फार शोभून दिसली.

त्या सुरातच मी म्हणून टाकलं, "रविवारी माझ्याबरोबर दुधनीला येता का? नावेतून एक चक्कर." ते अर्थात सगळ्या गल्लीला विचारल्यासारखं झालं. कल्पेशनं गॅस बारीक केला. मी पुढं म्हणालो, "नाही म्हणालात तरी चालेल. सगळ्यांनी ऐकलंय, म्हणजे मला नंतर घरी जाऊन तुम्ही हो म्हणालात असं सांगता येणार नाही." सुनंदाबाईंनी टाचण्यांची डबी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. त्यांच्या गालावर एक लाली आली आणि त्या एकदम लहान दिसल्या.

"मला पाण्याची भीती वाटते," त्या म्हणाल्या. "दमणगंगेच्या पुलावरनं रिक्षा गेली तरी मी डोळे मिटते. रिक्षावाल्याला सांगते, झोप आली. वीस वर्षं मला त्याच पुलावर झोप येते." मुलीला त्यांनी कुडता दिला. मग माझ्याकडं न बघता, हळू, खरोखरच्या कुजबुजीत त्या म्हणाल्या, आणि ते मला ऐकू आलं, "काठावर बसून चालत असेल तर येईन."

रविवारी सकाळच्या बसनं आम्ही गेलो. पूल आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मी पाणी संपलं की सांगायचं असं ठरलं. मी पाणी संपल्यावर थोडं उशिरा सांगितलं. दुधनीला नावाडी बोलवत राहिला, "आओ काका, बेसो माताजी," आणि आम्ही काठावरच्या दगडावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिलो. ऊन कोवळं होतं. पलीकडच्या डोंगराची सावली पाण्यात उतरत होती. कानातलं मशीन चालूच होतं, पण दूरच्या कुणाच्या तरी शेतात चालल्यासारखं. त्या बोलत होत्या आणि मी चक्क ऐकत होतो. भाचीचं, जव्हारच्या घराचं, नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांचं, एका चुकलेल्या ब्लाउजचं. मध्ये एकदा मी "हं" म्हणालो आणि माझा मीच चमकलो.

दुपारी उठताना त्यांनी विचारलं, "आता गल्लीत जाऊन काय सांगणार?"

"खरं तेच," मी म्हणालो. "काठावर बसलो, शेंगा खाल्ल्या."

"एवढंच?" त्यांनी पदरातली टरफलं झटकली आणि पाण्याकडं बघत जरा विचार केला. "कल्पेश वाट बघत असेल हो. एखादी मगर घाला की. नाव उलटू द्या. तुम्ही बुडा." त्यांनी माझ्या खांद्याला धरलं आणि दगडावरून उठल्या. "आणि मला पोहता येऊ द्या."